सही कुणाची चालते?

या महिन्यात आलेल्या टपालात दोन पत्रे एकाच विषयावरची निघाली. पत्रे पाठवणारे एकमेकांना ओळखतही नसतील. एक पत्र मिरजेच्या एका आईचे. मुलगी बारावी कॉमर्स झाली, सी.ए.ची फाउंडेशन परीक्षा उतरली, आता इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुपही पहिल्याच वेळी निघाले. घरात आनंद आहे, पण त्याच्या जोडीला काळजीही आहे. नात्यातली मंडळी म्हणतात, "पोरीने कॉलेज सोडले, हातात पदवी नाही. सी.ए. पूर्ण झाली तर ठीक, नाही झाली तर बारावी पासच राहणार." एका ठिकाणी रिश्त्याची बोलणी चालू असताना मुलाच्या खालाने सरळ विचारले, "म्हणजे ग्रॅज्युएट नाही का?" आईने लिहिले आहे, "सरकारने सी.ए.ला एम.कॉम.ची मान्यता दिली असे ऐकते. खरे आहे का? तसे असेल तर लोकांना काय सांगू?"

दुसरे पत्र कुवेतहून. मूळ गाव खेड तालुक्यात. मुलगा रत्नागिरीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. एका क्लासने त्याला सांगितले की सी.ए.च्या मागे लागून वर्षे घालवू नकोस, एसीसीए कर, जगभर मान्यता आहे, भारतातही सी.ए.सारखेच काम करता येते. फी लाखांत आहे. वडील विचारतात, भरू का?

दोन्ही पत्रांत शब्द एकच आहे, मान्यता. घोटाळा सगळा या शब्दाचा आहे. आपल्याकडे 'मान्यता आहे' म्हटले की लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत. कशासाठी मान्यता, आणि कुणाची? हिशेब तपासणीच्या व्यवसायात मान्यता दोन प्रकारची असते. एक शिक्षणाची: तुमची परीक्षा अमुक पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. दुसरी सहीची: कंपनीच्या, बँकेच्या, ट्रस्टच्या हिशेबाखाली तुम्ही सही केली तर कायदा ती मानेल. पहिली मान्यता असली म्हणून दुसरी मिळत नाही. दुसरी असली तरी पहिली मिळायला आपल्या देशात सत्तर वर्षे जावी लागली.

हे थोडे मागून सांगतो. भारतात कंपनीचे ऑडिट कोण करू शकतो हे ठरवण्याची सुरुवात १९१३ च्या कंपनी कायद्याने झाली. त्याआधी ज्याला हिशेब समजतो असा कुणीही चालत होता. कायदा आल्यावर प्रांतिक सरकारे दाखले देऊ लागली. मुंबई सरकारने १९१८ मध्ये स्वतःची पदविका काढली, गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, लोकांच्या भाषेत जी.डी.ए. ही परीक्षा आणि मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी झाली की ऑडिट करता येई. पुढे १९३० च्या दशकात मध्यवर्ती सरकारने नोंदवही ठेवली आणि 'रजिस्टर्ड अकाउंटंट', आर.ए., असे नाव आले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा झाला, १ जुलै १९४९ पासून तो लागू झाला आणि सी.ए.ची संस्था उभी राहिली. आधीच्या आर.ए. मंडळींना नव्या संस्थेचे सभासद करून घेतले. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत पाटीवरची अक्षरे तीनदा बदलली.

यातली एक गोष्ट मुलींच्या आयांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. मद्रासच्या आर. शिवभोगम या १९३३ मध्ये जी.डी.ए. झाल्या. भारतातल्या पहिल्या महिला सी.ए. म्हणून आज त्यांचेच नाव घेतले जाते. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला होता, आणि तुरुंगात गेलेल्या माणसाची ऑडिटर म्हणून नोंदणी होणार नाही असा त्या वेळी नियम होता. त्यांनी सरकारविरुद्ध दाद मागितली, जिंकल्या, आणि स्वतःचे ऑफिस थाटले. म्हणजे नोंदवहीत आपले नाव असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या बाईंना नव्वद वर्षांपूर्वी पक्के कळले होते.

आता मिरजेच्या प्रश्नाकडे. होय, ऐकलेले खरे आहे. मार्च २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सी.ए., कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट या तिन्ही परीक्षा पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या धराव्यात असे कळवले. याआधीही बरीच विद्यापीठे सी.ए. झालेल्याला पीएच.डी.ला प्रवेश देत होती, पण तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला होता. एका विद्यापीठात दार उघडे, शेजारच्या विद्यापीठात बंद. आता तसे राहिले नाही. सी.ए. झालेली मुलगी कॉमर्समध्ये नेट देऊ शकते, प्राध्यापक होण्याच्या वाटेला लागू शकते, संशोधन करू शकते. ज्या घरांत मुलीसाठी कॉलेजची नोकरी बरी वाटते त्या घरांना हा बदल मोठा आहे.

पण दोन गोष्टी नीट ऐका. पहिली, ही बरोबरी सी.ए. पूर्ण झाल्यावरची आहे. सगळे टप्पे पार करून संस्थेचे सभासदत्व घेतलेल्याची आहे, इंटर पास झालेल्याची नाही. दुसरी, एम.कॉम.ची बरोबरी मिळाली म्हणून बी.कॉम. आपोआप हातात येत नाही. वरचा मजला मिळाला आणि जिना राहून गेला असा हा प्रकार आहे. अनेक नोकऱ्यांच्या अर्जांत 'पदवी, विद्यापीठ, वर्ष' असा रकाना असतोच, आणि तो रिकामा ठेवून खाली टीप लिहीत बसण्यात अर्थ नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: मुलीचे नाव बी.कॉम.ला घालाच. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, दूरशिक्षणाची सोय बऱ्याच विद्यापीठांत आहे. आर्टिकलशिपच्या काळात दुसरा अभ्यासक्रम करायचा तर सी.ए. संस्थेची परवानगी घ्यावी लागते आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेच्या आड येता कामा नये. परवानगीचा फॉर्म वेळेत भरा. नंतर धावाधाव होते ती पाहिली आहे.

आणि मुलाच्या खालांना काय सांगायचे? सांगा की मुलगी उद्या सी.ए. झाली तर तिच्या सहीशिवाय एम.कॉम. झालेल्या माणसाच्या कंपनीचा ताळेबंद पुढे सरकणार नाही. हे बढाई मारून सांगायचे नाही, चहा देता देता सहज सांगायचे.

आता आर्टिकलशिप. घराघरांत अडते ते इथे. आर्टिकलशिप म्हणजे प्रॅक्टिस करणाऱ्या सी.ए.च्या हाताखाली उमेदवारी. ती तीन वर्षांची होती. जुलै २०२३ पासून नवी योजना लागू झाली आणि ती दोन वर्षांवर आली. इंटर आणि फायनलचे पेपर आठ-आठ होते ते सहा-सहा झाले, म्हणजे प्रत्येक ग्रुपला तीन. काही विषय ऑनलाइन आपल्या सवडीने शिकून त्यांची परीक्षा द्यायची, त्यातले दोन संच सक्तीचे. आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने अभ्यासाला देऊन मग फायनल. २०२४ पासून फाउंडेशन आणि इंटर वर्षातून दोनऐवजी तीनदा घ्यायला सुरुवात झाली, त्यामुळे एकदा अडखळलेल्याला सहा महिने हात चोळत बसावे लागत नाही. फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतरच तात्पुरती करता येते, परीक्षा मात्र बारावीनंतर. कॉमर्सची पदवी ५५ टक्के किंवा इतर शाखेची ६० टक्क्यांनी मिळवलेल्यांना फाउंडेशन न देता थेट इंटरला जाता येते. हा थेट प्रवेश आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या हुशार मुली मी प्रत्येक गावात पाहतो.

वर्ष कमी झाले यावर जुने सी.ए. नाराज आहेत. त्यांचे म्हणणे, हात बसायला तीन वर्षेही अपुरी होती. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ऑडिट पुस्तकात शिकता येत नाही. ३१ मार्चला गोदामात उभे राहून पोती मोजावी लागतात, व्यापाऱ्याच्या मुनीमाने 'साहेब नाहीत, उद्या या' म्हटल्यावर न रागावता दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते, बँकेचे पासबुक आणि रोजकीर्द यांत सात रुपयांचा फरक का पडतो ते शोधत संध्याकाळ काढावी लागते. पण एक वर्ष कमी झाल्याने काय झाले हे मुलींच्या बाजूने पाहावे. वय अठरा ते एकवीस या तीन वर्षांत आपल्या समाजात मुलीच्या लग्नाचा विषय जोर धरतो. आर्टिकलशिप अर्धवट सोडलेल्या मुली याच काळातल्या असतात. एक वर्ष वाचले तर त्यातल्या काहींचे फायनल निकाहाच्या आधी पदरात पडेल. संस्थेने हा विचार करून बदल केला असेल असे नाही, पण आपल्या घरांपुरता त्याचा उपयोग हा आहे.

"ऑफिसात पुरुष असतात, ऑडिटला बाहेरगावी जावे लागते," असे बापांचे म्हणणे असते. जावे लागते हे खरे आहे. म्हणून ऑफिस निवडताना फक्त स्टायपेंड पाहू नका, तो तसाही थोडाच असतो. आधीच्या मुली तिथे काम करतात का, त्यांना कोणत्या कामावर पाठवतात, जोडीने पाठवतात का, परत यायला किती वाजतात, हे अब्बाने नाही तर अम्मीने जाऊन विचारावे. चांगला सी.ए. या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडतो त्याच्याकडे पाठवू नका.

फायनल निघालेच नाही तर? ही भीती खोटी नाही. निकालाची टक्केवारी नेहमीच कमी असते. म्हणूनच बी.कॉम.चा आग्रह धरला. इंटर पास आणि आर्टिकलशिप पूर्ण अशा माणसाला हिशेबाच्या नोकरीत कुठेही उभे करतात. आणि नव्या योजनेत इंटर, आर्टिकलशिप आणि ठरवून दिलेले बाकीचे प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला 'बिझनेस अकाउंटिंग असोसिएट' असे प्रमाणपत्र देण्याची सोयही केली आहे. पण त्यावर ऑडिटची सही मिळत नाही, तो दिलासा आहे एवढेच.

कुवेतच्या भाईंना उत्तर थोडे कडू आहे. एसीसीए वाईट नाही. १९०४ पासूनची ब्रिटिश संस्था आहे, तेरा पेपर असतात, बी.कॉम. झालेल्याला काही पेपरांची सूट मिळते, जोडीला तीन वर्षांचा अनुभव लागतो. आखातातल्या मोठ्या फर्म आणि कंपन्या या नावाला ओळखतात, भारतातही बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेब विभागांत नोकऱ्या मिळतात. मुलाला आखातात किंवा इंग्लंडकडे जायचे असेल तर विचार करण्यासारखी वाट आहे. पण 'भारतात सी.ए.सारखेच काम करता येते' हे वाक्य चूक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १४१ सांगते की कंपनीचा ऑडिटर होण्यास चार्टर्ड अकाउंटंटच पात्र आहे, आणि चार्टर्ड अकाउंटंट म्हणजे १९४९ च्या कायद्याखालचा सभासद, ज्याच्याकडे प्रॅक्टिसचा दाखला आहे असा. आयकराच्या टॅक्स ऑडिटचेही तेच. एसीसीए झालेला मुलगा रत्नागिरीत येऊन स्वतःची पाटी लावून ऑडिट करू शकणार नाही. क्लासवाल्याला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

आणि आखातातसुद्धा मान्यतेचे दोन भाग आहेतच. नोकरी मिळणे वेगळे, ऑडिट अहवालावर सही करणे वेगळे. सहीसाठी त्या त्या देशाच्या नोंदवहीत नाव लागते. सौदीत तर नुसती हिशेबनिसाची नोकरी करणाऱ्या परदेशी माणसालाही सोक्पा या तिथल्या संस्थेकडे नोंदणी करावी लागते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. भाई, आपण स्वतः तिकडे आहात. आपल्या कंपनीतल्या अकाउंट्स विभागात जाऊन विचारा की कोण काय शिकून आले आहे. त्यांत भारतीय सी.ए. बरेच निघतील. दुबई, अबुधाबी, दोहा, बहारीन इथे आपल्या सी.ए. संस्थेच्या शाखा आहेत. क्लासच्या माहितीपत्रकापेक्षा ही चौकशी जास्त खरी ठरेल. फी भरायची ती मुलाला कुठे राहायचे आहे ते ठरल्यावर.

कॉस्ट अकाउंटंट आणि कंपनी सेक्रेटरी यांच्याबद्दल दोन ओळी. दोन्ही भारतीय कायद्याने उभ्या केलेल्या संस्था आहेत, आणि दोघांनाही आपापले ऑडिट आहे: ठरावीक उद्योगांच्या उत्पादन खर्चाचे ऑडिट कॉस्ट अकाउंटंट करतो, मोठ्या कंपन्यांचे सेक्रेटेरियल ऑडिट कंपनी सेक्रेटरी करतो. हिशेबाचे मुख्य ऑडिट मात्र दोघेही करू शकत नाहीत.

आता एक वाट अशी जी या दोन्ही पत्रांत नाही, पण महाराष्ट्रातल्या आपल्या घरांना सर्वांत जवळची आहे. जी.डी.सी. अँड ए. म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविका. पुण्याच्या सहकार आयुक्तांच्या कार्यालयामार्फत ही परीक्षा होते. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, बी.ए. उर्दू झालेलासुद्धा. आपण राहतो ती गृहनिर्माण सोसायटी, गावची पतसंस्था, विकास सोसायटी, दूध संस्था, या सगळ्यांचे दर वर्षी ऑडिट व्हावे लागते, आणि ते सी.ए.नेच करावे असे बंधन नाही. २०१३ च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 'प्रमाणित लेखापरीक्षक' हा शब्द आहे. पदवी, ही पदविका, संस्थांच्या ऑडिटचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आणि मराठीचे कामापुरते ज्ञान. एवढे असेल तर सरकारच्या नामतालिकेत नाव लावता येते, आणि संस्थेची सर्वसाधारण सभा त्या नामतालिकेतून आपला लेखापरीक्षक नेमते. पूर्वी बहुतेक काम सहकार खात्याचे ऑडिटर करत. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ऑडिट पूर्ण व्हायला हवे, त्यामुळे एप्रिल ते जुलै या लोकांना उसंत नसते.

मराठीची अट वाचून काही जण बिचकतात. बिचकण्याचे कारण नाही. हे मासिक आपण मराठीतच वाचता आहात. इतिवृत्त, थकबाकी, राखीव निधी, ताळेबंद हे शब्द ज्याला वाचता आणि लिहिता येतात त्याचे निभते. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांनी वर्षभर एका पतसंस्थेचे छापील वार्षिक अहवाल वाचले तरी पुरेसे होईल. खरी अडचण त्या तीन वर्षांच्या अनुभवाची आहे. त्यासाठी आधीपासून नामतालिकेवर असलेल्या लेखापरीक्षकाकडे हाताखाली काम करावे लागते, आणि तिथे ओळखी लागतात. आपल्या वस्त्यांतल्या सोसायट्यांनी ऑडिटर नेमताना त्याला एवढेच विचारले, की आमच्या दोन मुलांना हाताखाली घ्याल का, तरी ही अडचण बरीच कमी होईल. हे काम घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून करता येते, दप्तर तपासायला जवळपासच जायचे असते, म्हणून लग्न झालेल्या बहिणींसाठी मी ते नेहमी सुचवतो.

जाता जाता जमातीच्या आणि ट्रस्टच्या विश्वस्तांसाठी. मशिदीचा वक्फ असो, मदरशाचा ट्रस्ट असो की शिक्षण संस्था, हिशेबाखाली सही कुणाची आहे ते तपासत जा. 'आमचे हिशेब एक साहेब बघतात' हे पुरेसे नाही. वक्फच्या ऑडिटरसाठी सरकारची वेगळी नामतालिका असते, सोसायटीची वेगळी, आणि एकीवरचे नाव दुसरीला चालतेच असे नाही. सी.ए.ची सही असेल तर तपासणी सोपी आहे. कुणी सी.ए. नसताना सी.ए. म्हणून सह्या करू नयेत यासाठी संस्थेने यूडीआयएन नावाची खूण आणली. १ जुलै २०१९ पासून सी.ए.ने सही केलेल्या प्रत्येक ऑडिट अहवालावर आणि प्रमाणपत्रावर ती सक्तीची आहे. अठरा अंक-अक्षरांची ही खूण असते. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा त्या सी.ए.च्या सभासद क्रमांकाचे. संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर ही अठरा अक्षरे टाकली की तो कागद खरा की खोटा ते कुणालाही, फुकट, घरबसल्या कळते. सहकारी संस्थांच्या प्रमाणित लेखापरीक्षकाला ही खूण नसते, त्याचे नाव सहकार खात्याच्या नामतालिकेत पाहायचे. गेल्या वर्षीचा अहवाल कपाटात असेलच. सहीखाली अठरा अक्षरे दिसली नाहीत तर पुढच्या बैठकीत चिटणीसांना विचारा.